बारा जणांत माझं नाव

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर बारा माणसांचे पाय धुतात. प्रभूने शेवटच्या जेवणाच्या रात्री शिष्यांचे धुतले होते, त्याची आठवण म्हणून. वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात, फादर कमरेला टॉवेल बांधून गुडघ्यांवर बसतात आणि एकेकाच्या उजव्या पायावर पाणी ओततात. आता खरं सांगायचं तर त्या बाराही जणांनी दुपारीच घरी पाय घासूनपुसून लख्ख केलेले असतात. बेकरीवाला तर मागच्या वर्षी टाचा खरवडून, वर पावडर थापून आला होता. फादरांनी पाणी ओतल्यावर पांढरे ओघळ आले. धुतलेले पाय धुऊन घ्यायचे, अशी आमची नम्रता. तीस वर्षं मी हे बघून मनातल्या मनात हसत आले, आणि यंदा त्या बारा जणांत माझं नाव आलं.

मी मोठ्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात एकतीस वर्षं नर्स होते. माझ्यामागे पेशंट मला हवालदारीण म्हणायचे. मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न हलवता, न उघडं पाडता कसं पुसून काढायचं, हे नव्या पोरींनी माझ्याकडून शिकायचं. आधी तोंड, मग हात, छाती, पाठ, शेवटी पाय. एका वेळी एकच भाग उघडा, बाकी सगळं चादरीखाली. माणूस कितीही लाजरा असो, माझ्या हाताखाली निमूट पडायचा. स्वतः मात्र मी कधी कुणाचा हात लावून घेतला नाही. बाळंतपणातसुद्धा तिसऱ्या दिवशी उठून स्वतःची आंघोळ स्वतः केली होती.

यंदाचं वर्ष वेगळं होतं. ईस्टरनंतरच्या सोमवारी सून घर सोडून जाणार होती. इथे ती चष्म्याच्या दुकानात होती, तिकडे भावाच्या गावी तशीच नोकरी मिळाली होती. तिचं तिकीट कपाटाच्या आरशात खोचलेलं होतं. महिनाअखेरीला मी चर्चच्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात जाणार होते. सगळं दोघींनी बसून ठरवलेलं, कुणी कुणाला ढकललं नव्हतं. आमच्यात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, दोघी तोंड सोडून मोकळ्या झालो असतो. तिने जायच्या आत मला तिच्याशी एकच गोष्ट बोलायची होती आणि ती माझ्या घशाखालून वर येत नव्हती.

माझा मुलगा, तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचा. अकरा महिन्यांपूर्वी कामावरच छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. बेचाळीस वर्षांचा. दवाखाना माझाच. तिथल्या पोरी माझ्या हाताखाली शिकलेल्या. त्यांनी मला आत सोडलं, गरम पाणी दिलं, टॉवेल दिले. सून मागोमाग आली. बाह्या वर सारल्या होत्या. मी तिच्याकडे वळूनही न बघता म्हणाले, "तू बाहेर थांब. तुला जमायचं नाही."

ती बाहेर थांबली. पाऊण तास. मी माझ्या लेकाला वॉर्डातल्या पद्धतीने पुसलं, तोंडापासून सुरुवात करून. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लग्नातला सूट चढवला, मोजे-बूट घातले, बोटांत जपमाळ गुंफली आणि मग दार उघडलं. तिच्या वाट्याला त्याचा चेहरा आणि दोन हात तेवढे आले. वर आणखी एक केलं. शाळेत धाडताना पाडायचे तसा मी त्याचा भांग डावीकडे पाडला. तो कितीतरी वर्षं केस मागे फिरवायचा, हे मला रोज दिसत होतं, पण त्या वेळी हाताला जे आठवलं ते हाताने केलं. चर्चमध्ये पेटी बंद करण्याआधी सुनेने वाकून त्याचे केस बोटांनी मागे सारले. मला वाटलं, विस्कटतेय. मी पुढे झाले आणि भांग पुन्हा नीट केला. पेटीला झाकण लागलं.

ती विस्कटत नव्हती, त्याचे केस होते तसे करत होती, हे मला कळायला आठ महिने लागले. एके दिवशी भिंतीवरचा त्यांच्या लग्नाचा फोटो पुसताना कळलं, आणि मी फडकं हातात धरून खुर्चीत बसले ती बराच वेळ उठले नाही.

ईस्टरआधीच्या उपासकाळात मी कन्फेशनला, म्हणजे फादरांपाशी पापं कबूल करायला गेले. फादरांना सर्दी झाली होती, जाळीपलीकडे सारखं नाक ओढत होते. मी आधी माझी नेहमीची पापं सांगितली, दूधवाल्यावर ओरडले, शेजारणीबद्दल वाईट बोलले, ती फादरांनाही तोंडपाठ असतील. मग हे सांगितलं. त्यांनी विचारलं, तिची माफी मागितलीत का? मी म्हटलं, नाही. मग मागा, म्हणाले, तेच प्रायश्चित्त. मी म्हटलं, फादर, त्यापेक्षा जपमाळेच्या दहा रोझरी करते, वाटल्यास वीस करते, गुडघ्यांवर बसून करते. कमरेचं हाड मोडलेलं असताना गुडघ्यांवर कशी बसणार होते कोण जाणे. फादर म्हणाले, "आजी, प्रायश्चित्त बदलून मिळत नाही." आणि शिंकले.

तरी मी रोझरी केल्या. वीस नाही, तीस केल्या. रोज सकाळी मेणबत्ती लावून म्हणायचे, देवा, माझं सगळं तुझ्या हाती सोपवलं. सोपवलं काय, डोंबल. मूठ आवळलेलीच होती. त्याला म्हणत होते, तूच तिच्या मनात घाल, तूच तिला विसरायला लाव, मला मात्र तोंड उघडायला लावू नकोस. देव ऐकून घेत होता बहुतेक. त्याला माझी सवय असेल.

तीनदा प्रयत्न केला. एकदा ती भाजी चिरत होती. मी म्हटलं, "माझं जरा..." तिने वर पाहिलं. म्हटलं, "माझं जरा पाणी तापवून ठेव." दुसऱ्यांदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि बॅग नीट भरत नाही म्हणून तिलाच चार गोष्टी सुनावून आले. तिसऱ्यांदा गेलेच नाही.

पवित्र आठवड्याच्या सोमवारी चर्चचा मेस्त्री, म्हणजे घंटा वाजवणारा आणि वेदीची मांडामांड बघणारा म्हातारा, कागद घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, फादर म्हणतात यंदा हवालदारीणबाईंना घ्या, त्यांनी जन्मभर गावाला धुतलंय. मी आधी फुलले. कोणती साडी नेसायची इथपर्यंत पोचले. तो गेल्यावर पायांकडे लक्ष गेलं.

कमरेचं हाड मोडल्याला पाच महिने झाले होते. तेव्हापासून मला वाकता येत नव्हतं. अंगावर पाणी ओतून घ्यायचे, पण पायांपर्यंत हात पोचत नव्हता. नखं वाढून वाकडी झाली होती, मोजे फाटायला लागले होते. टाचांची काय दशा होती ती मी हातातला आरसा तिरका धरून पाहिली आणि आरसा उलटा ठेवला. आमच्या वॉर्डात असा पाय दिसला असता तर मी त्या पाळीच्या नर्सला सोलून काढलं असतं. सून पहिल्या दिवसापासून म्हणत होती, आई, मी धुऊन देते, नखं काढते. मी म्हणायचे, मला दुसऱ्याने धुवायचं म्हणजे झालंच. दोन-चारदा विचारून ती विचारायची थांबली.

त्या गुरुवारच्या गोष्टीत पेत्र नावाचा शिष्य आधी प्रभूला पाय धुऊ द्यायला तयार होत नाही. दरवर्षी ते वाचन ऐकताना मला पेत्राचंच पटायचं. शहाण्या माणसाने असंच करावं, असं वाटायचं. पुढे प्रभू त्याला सुनावतो, धुऊ दिलं नाहीस तर तुझा माझ्यात वाटा नाही, तिकडे माझं कधी ध्यान गेलं नाही. त्या वेळी मी बेकरीवाल्याच्या टाचा बघत असायचे.

गुरुवारी दुपारी सून दुकानात गेल्यावर मी ठरवलं, आपलं आपण करायचं. मोरीत पाट टाकला, टबात पाणी घेतलं, लांब दांड्याला स्पंज बांधला आणि बसले. बसणं जमलं. साबण निसटला, तो धरायला कलले आणि भिंतीशी अडकले, अर्धी पाटावर, अर्धी फरशीवर. हाड मोडलं नाही, पण उठताही येईना. एक पाय टबात, एक बाहेर. रुग्णाला मोरीत एकटं सोडायचं नाही, हे मीच पोरींना ओरडून सांगायचे. देवाचं नाव घेतलं, मग देवालाच दोन शब्द ऐकवले, मग रडले. मुलगा गेल्यावर आले नव्हते ते अश्रू साबणाच्या वडीपायी आले.

सून तासाभराने आली. शेवटचा दिवस म्हणून मालकाने लवकर सोडलं होतं. तिने एकदा हाक मारली, मोरीत डोकावली आणि पर्स तिथेच जमिनीवर टाकून आत आली. काखेत हात घालून मला सरळ केलं, पाटावर बसवलं, ओलं पातळ सारखं केलं. मग समोर फरशीवर गुडघे टेकून बसली आणि माझ्या पायाला हात लावला.

मी पाय मागे ओढला. "राहू दे. मी करते. तुला जमायचं नाही."

तिचा हात तिथल्या तिथे थांबला.

"त्या दिवशी हेच म्हणालात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला काही येत नव्हतं, मान्य आहे. तुम्ही शिकवलं असतं तर मी केलं असतं. नुसते पाय पुसू दिले असते तरी चाललं असतं. सतरा वर्षं नवरा होता माझा."

मी ज्याला घाबरत होते ते हेच, आणि ते इतक्या हळू आवाजात आलं. माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. मी आई आहे, मी नर्स आहे, तू कोसळली असतीस, मी तुझ्याच भल्यासाठी केलं. एकतीस वर्षांत नातेवाइकांना सांगायची असली वाक्यं माझ्या जिभेवर तयार असायची. त्यातलं एकही खरं नव्हतं. मला तो एकटीला हवा होता. माझा होता तेवढा शेवटचा पाऊण तास मला कुणाला द्यायचा नव्हता.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "तो मला एकटीला हवा होता. केसही मी चुकीचे केले. माफ कर मला."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. ठीक आहे असंही म्हणाली नाही. डोळे पुसले, टबातलं पाणी ओतून दुसरं घेतलं आणि म्हणाली, "पाय द्या, आई."

मी दिला.

तिला खरंच येत नव्हतं. साबण जास्त घेतला, बोटांच्या बेचक्यांत आधी हात घातला, टाच विसरली. मी ओठ दाबून बसले. तिने नखं भिजवून मऊ केली, एकेक कापलं, एकदा कात्री लागली तेव्हाही मी हूं केलं नाही. दुसऱ्या पायाशी आली आणि तिचा हात थांबला. त्या पायाचं माझं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब आहे आणि टोकाशी किंचित आत वळलंय. त्याच्याकडे मी आयुष्यात कधी नीट पाहिलं नव्हतं.

"त्याचं अस्संच होतं," ती म्हणाली. "बुटात टोचायचं. रोज येऊन दाबून घ्यायचा."

तिने ते बोट मुठीत धरलं. मग डोकं माझ्या गुडघ्यावर टेकलं आणि ती रडायला लागली. त्या दिवशी दवाखान्याच्या दाराबाहेर उभी राहून रडायला हवं होतं तशी, तोंडाने आवाज काढून. मी तिच्या केसांवर हात ठेवला. थोपटलं नाही, गप्प हो म्हटलं नाही, देवाची इच्छा वगैरेही म्हटलं नाही.

चर्चची घंटा झाली. म्हातारा मेस्त्री जरा जास्तच वेळ वाजवत होता, बहुधा माझी खुर्ची रिकामी बघून. आमच्यातली एकही उठली नाही. त्या संध्याकाळी फादरांनी अकरा जणांचेच पाय धुतले.

मोरीत अंधारायला लागलं. तिचं रडणं थांबलं होतं, पण मूठ सुटली नव्हती. सोमवारची गाडी, आरशातलं तिकीट, सगळं होतं तसंच होतं, आणि ती जाणारच होती. जरा वेळाने तिने मान न उचलता विचारलं, "आई, पाणी गार झालंय का?"

"नाही," मी म्हटलं. केव्हाच झालं होतं.