थंडीत वाढणारी शक्ती

स्क्रीनवर चौकटीच चौकटी होत्या आणि प्रत्येक चौकटीत हात जोडलेले. ॲडम्सटाउनचे होते, कॉर्कचे होते, पार स्लायगोहूनही कोणी होते. मधल्या चौकटीत चंद्रहासमहाराज. लॉकडाउनच्या आधी ते ग्रँड कॅनाल डॉकला एका आयटी कंपनीत डेटाबेस सांभाळत. आता भक्तांची कंपनं सांभाळत होते.

"दुकानातलं दूध मेलेलं असतं, मुलींनो! माझं लोणी निरशा दुधाचं. न तापवलेल्या, जिवंत दुधाचं. बघा!" त्यांनी पेल्यातल्या पाण्यात लोण्याचा गोळा सोडला, वर 'परीक्षाजल' ओतलं. पाणी तपकिरी झालं. "हे जंतू. दिसले?" मग ओठ हलले, चिमूटभर विभूती पडली, चमचा फिरला आणि पाणी नितळ झालं.

"महाराज, तुम्ही म्यूटवर आहात," कोणीतरी ओरडलं.

"...गेले सगळे!" महाराजांचा आवाज परत आला. "आता घरी पाठवलेला डबा फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत शक्ती वाढते. बुद्धपौर्णिमेला सगळ्या गर्भिणींनी एकदम खायचं."

रेवतीने हात जोडले. तिला सातवा लागला होता. गेल्या वर्षी पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा हॉस्पिटलात तिच्याजवळ कोणाला सोडलं नव्हतं. त्या बाळंतपणासाठी नागपूरहून इकडे परदेशात आलेली तिची आई, विजयालक्ष्मीबाई, विमानं बंद झाली म्हणून राहिली ती राहिलीच.

मंत्र म्यूटवर होता, तरी पाणी नितळ झालं, हे बाईंच्या लक्षात आलं होतं. पण त्या भांडी आवरायला लागल्या. एप्रिलमध्ये नागपूरला त्यांची थोरली बहीण रोहिणी कोरोनाने गेली. बाईंनी अंत्यविधी मोबाईलवर पाहिला, मग मोबाईल चार्जिंगला लावला. तेव्हापासून त्यांच्या मनात काही हलतच नव्हतं.

वरच्या खोलीत भाड्याने राहणारी भार्गवी चहाला खाली आली. ती युनिव्हर्सिटीत अन्नातले जंतू शोधायचं शिक्षण घेत होती. फ्रिज उघडून ती थबकली.

"काकू, हे लोणी कुठलं?"

"प्रसादाचं. निरशा दुधाचं. रेवती पौर्णिमेला खाणार आहे."

"अहो, लिस्टेरिया नावाचा जंतू असतो. बाकीचे फ्रिजमध्ये गारठून बसतात, हा तिथेही वाढतो. वास नाही, चव बदलत नाही. आईला नुसती कणकण येते आणि बाळ दगावतं."

"महाराजांनी तपासलं की."

कसं ते ऐकून भार्गवी हसली. "तुमची बेटाडीनची बाटली आणा."

बाटली बाईंनी नागपूरहूनच आणलेली. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या तर त्या दिवसांत घरोघरी होत्या. नळाच्या पाण्यात बेटाडीनचा थेंब पडला, पाणी तपकिरी. गोळीचा चुरा पडला, पाणी नितळ.

"म्हणा मंत्र!"

"मंत्र तेव्हाही म्यूटवरच होता," बाई म्हणाल्या.

"त्यांचं परीक्षाजल हेच, विभूती म्हणजे हा चुरा. बेटाडीनमधल्या आयोडीनचा रंग गोळीने जातो, एवढंच. जंतूला पत्ताही लागत नाही."

"आई, प्रसादाला नावं ठेवतेस?" रेवती दारात उभी होती. "गेल्या खेपेला सगळं तपासून, विचारून खाल्लं होतं ना मी? काय झालं?"

भार्गवीने पेला बाजूला ठेवला.

बाईंना आईचं स्वयंपाकघर आठवलं. रोहिणी रवी ओढतेय, आई दुसऱ्या, गरोदर बहिणीच्या ओटीपोटावर हात ठेवून लोणी-साखर भरवतेय. पण ते लोणी तापवलेल्या दुधाच्या सायीचं. निरसं दूध फक्त अभिषेकाला. का, असं विचारलं की आई म्हणायची, "देवाला काही होत नाही गं. माणसाला होतं."

"तपासू दे हिला," बाई म्हणाल्या. "चांगलं निघालं तर मीच भरवीन तुला."

भार्गवीने आपल्या सरांना विचारून थोडं लोणी प्रयोगशाळेत नेलं. आठवडा होत आला.

"महाराजांना क्षण लागला, तुला आठवडा?" रेवतीने टोमणा मारला.

"ताई, डब्यात मोजकेच जंतू असले तर दिसणार कसे? आधी त्यांना जेवू घालायचं. खास द्रावणात लोणी कालवून उबेत ठेवलंय. त्यातल्या औषधांनी बाकीचे जंतू दबतात, लिस्टेरिया वाढतो. तो असला तर द्रावण काळं पडतं. पण तो नुसता संशय. मग ते थाळीवर पसरायचं. निळसर-हिरवे ठिपके आणि भोवती पांढुरकं कडं आलं, की आणखी चाचण्या. आणि शेजारी दोन नळ्या, एक बिनलोण्याची, एक मुद्दाम जंतू घातलेली. म्हणजे आपलीच चूक झाली तर कळतं."

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी तिने फोटो दाखवले. बिनलोण्याची नळी फिकट पिवळी. लोण्याची आणि मुद्दाम जंतू घातलेली, दोन्ही काळ्याकुट्ट. थाळीवर निळे-हिरवे ठिपके. "पुढच्या चाचण्याही झाल्या. लिस्टेरियाच. सरांनी अन्नसुरक्षेच्या कार्यालयाला कळवलंय."

रेवतीने दोन्ही हात पोटावर ठेवले. बाईंना अजूनही काही वाटत नव्हतं. त्यांनी बेटाडीनची बाटली उचलून स्क्रीनशेजारी ठेवली.

पौर्णिमेला महाराज म्हणाले, "उघडा डबे!"

"थांबा. मुलींनो, चमचे खाली ठेवा." बाईंनी पेला कॅमेऱ्यासमोर धरला. तपकिरी, मग नितळ. "हे नुसतं नळाचं पाणी आहे."

"माई, श्रद्धा नसली की असे खेळ सुचतात."

"श्रद्धा नाही, सध्या दुःखही उरलेलं नाही. बेटाडीन आहे. तुमच्या लोण्यात लिस्टेरिया निघालाय. थंडीत वाढते म्हणता ती शक्ती हीच. ज्यांनी चाखलं असेल त्यांनी आत्ताच डॉक्टरांना..."

महाराजांनी त्यांना म्यूट केलं. "आजींचं नेटवर्क गेलं वाटतं."

तेव्हा रेवती उठली. तिने काळ्या नळीचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. मग सगळ्यांच्या देखत डबा पिशवीत घातला, गाठ मारली आणि कचऱ्यात टाकला. आवाज कोणालाच गेला नाही; गरजही नव्हती. स्लायगोच्या चौकटीतल्या मुलीने चमचा खाली ठेवून फोन उचलला. मग आणखी एकीने. एकेक चौकट विझत गेली.

बाईंनी गॅसवर दूध ठेवलं. रेवती म्हणाली, "आई, इथलं दूध तापवूनच येतं."

"माहितेय," बाई म्हणाल्या, आणि उतू जाईपर्यंत बघत उभ्या राहिल्या. मग रोहिणी गेल्यापासून पहिल्यांदाच डोळे भरून आले.

निरसं दूध देवाला वाहा. देवाला काही होत नाही. माणसांनी तापवलेलंच प्यावं. आणि क्षणात छातीठोक उत्तर देणारा कोणी भेटला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारावं: महाराज, शेजारी दुसरी नळी ठेवली होती का?