लंगराच्या दारातले बूट

मी एक जुना लष्करी बूट आहे, डाव्या पायाचा. उजवा भाऊ शेजारीच असतो, पण तो पहिल्यापासून अबोल. तेव्हा मित्रांनो, आमची हकिगत मलाच सांगावी लागणार.

तळाला खिळे ठोकून मला पलटणीच्या कोठारात ठेवलं होतं. त्रेपन्न साली तिथून मी उत्तमच्या पायात आलो. हा खडवलीचा पोरगा, मिसरूडही न फुटलेला, कल्याणला भरती झाला होता. आजवर अनवाणीच हिंडलेला. मी त्याच्या टाचा सोलून काढल्या, तरी त्याने चकार शब्द काढला नाही. काढणार कोणाजवळ? सगळी बरॅक अनोळखी होती.

रोज संध्याकाळी तो मला पॉलिश करी. माझ्या टोकावर स्वतःचं तोंड दिसू लागलं, की त्याच्याशीच हळू बोलायचा. निघताना आई, मालनबाई, म्हणाली होती, "जसा चाललायस तसाच परत ये रे बाबा."

"येईन ना रे तसाच?" तो त्या तोंडाला विचारी. मला फार वाईट वाटे.

घरी पायताण घालून कोणी पानावर बसत नसे. म्हणून हा लंगराच्या, म्हणजे पलटणीच्या जेवणघराच्या, दारात आम्हाला काढून ठेवी आणि अनवाणी जेवायला जाई. बाकीचे रंगरूट हसत. एकदा कोणीतरी आम्हाला लाथेने उडवलं. आम्ही सापडेपर्यंत परेड सुरू झाली होती.

हवालदार धोंडीबा गरजले, "हे काय देऊळ आहे? पुन्हा बूट काढलेस तर घरी धाडीन!"

भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारताना उत्तम रडला. त्या दिवसापासून तो बुटांसकट जेवू लागला. हळूहळू टाचा निबर झाल्या, पाऊल चुकेना. धोंडीबांनी शाबासकीही दिली. माझ्या टोकाशी बोलणं मात्र थांबलं.

मग सुट्टी मिळाली. खडवलीला उतरून तो ताठ चालत घरी आला आणि थेट चुलीपुढे, बूट घालूनच, पाटावर बसला. मालनबाईंचा भाकरी थापणारा हात थबकला. त्या रागावल्या नाहीत. पुढे सरकून माझी नाडी सोडू लागल्या.

"दुखत असतील रे पाय," एवढंच म्हणाल्या.

उत्तमने खाली पाहिलं आणि त्याला रडू फुटलं. "आई, मी तसाच नाही आलो गं."

मला उतरवून मालनबाईंनी त्याची टाच चाचपली. "टाचा तेवढ्या बदलल्यात. जेव आता."

आता मी झिजलोय, त्याच घराच्या दारात असतो. उत्तम नव्या बुटांत सरहद्दीवर आहे. दसऱ्याला मालनबाई मला पुसतात आणि माझ्या टोकावर वाकून बघत राहतात. तिथे आता काही दिसत नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नसलं तरी चालेल. पण लांबून कोणी घरी आलं, तर पराक्रम मागाहून विचारा. आधी त्याच्या बुटांच्या नाड्या सोडा.