जीपला ट्रकचा एक्सल

लातूर वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. अहमदपूरजवळच्या माळावर जनावरांची छावणी लागली. पाणी मात्र खाली, गुरुपादप्पांच्या विहिरीत. ते वर पोचवायचं त्यांच्या लेकीनं, महादेवीनं, अंगावर घेतलं. वडिलांच्या जुन्या जीपमागं टाकीची ट्रॉली जोडून ती स्वतःच चालवू लागली.

एके सकाळी ऐन चढावर मागून खाडकन आवाज आला. इंजिन चालू, गियर पडलेला, पण चाकांना जोरच मिळेना. जीप मागं घसरू लागली. महादेवीनं ब्रेक दाबून धरला आणि वरून पळत आलेल्या ग्यानोबानं, छावणीच्या राखणदारानं, चाकांमागं धोंडे लावले.

गावातला लिंबाजी मिस्त्री गाडीखालून बाहेर आला तो मागच्या चाकांचा तुटका एक्सल घेऊनच.

"अक्का, असाच दुसरा घातला तर तोबी तुटंल. एवढं वजन ह्याला पेलायचं न्हाई."

"मग?"

"मुदखेडला एक आदळलेला छोटा ट्रक भंगारात पडलाय. त्याचा मागचा एक्सल लई दणकट हाय."

"जीपला बसंल?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"बसवू की, आप्पा!" लिंबाजीचे डोळे चमकत होते.

एक्सल चाकांसकट आला. जीपपेक्षा तो रुंद होता. लिंबाजीनं स्प्रिंगच्या पाट्यांच्या जागा कापून नव्यानं वेल्ड केल्या. पण इंजिनाकडून येणारा शाफ्ट उजवीकडं आणि तो जिथं जोडायचा तो एक्सलचा गोळा डावीकडं! लिंबाजीनं डोकं खाजवलं आणि एक्सल सरळ पालथा करून टाकला. गोळा उजवीकडं आला. शाफ्ट झकास जुळला.

महादेवीनं पहिला गियर टाकला. जीप झपकन मागं गेली आणि लिंबाजीच्या बाजेवर चढली.

छावणीवरून बघायला आलेला ग्यानोबा खो खो हसत खालीच बसला.

"पालथा घातल्यानं चाकं उलटी फिरून राहिली," लिंबाजी ओशाळून म्हणाला.

"म्हंजे पुढं जायला एक गियर अन् मागं जायला तीन!" महादेवीलाही हसू आवरेना. "दादा, सुलटा करा. शाफ्ट तिरपा राहिला तर राहू दे."

"तिरपेपणा शाफ्टच्या जॉइंटला सोसंल का, तेच कळंना."

"चढावर कळंल."

एक्सल सुलटा झाला, शाफ्टही कापून नव्या मापाचा केला. ट्रकच्या चाकांवर जीप मागून उचलल्यासारखी दिसत होती. टाकी काठोकाठ भरली. चढाला लागताच सगळी गाडी थरथरू लागली. लिंबाजी कान लावून शेजारून धावत होता.

"आवाज येऊन राहिला!" महादेवी ओरडली.

"शाफ्ट हादरतोय! हादरू दे! पाय काढू नको, अक्का!"

जिथं एक्सल तुटला होता तो टप्पा आला. जीप मंदावली. महादेवीनं दात आवळून पहिला गियर टाकला. चाकांखालून खडी उडाली आणि ट्रॉली हिसका देऊन पुढं सरकली. थरथरत, गुरगुरत जीप माळावर चढली.

"चढली! आरं चढली!" लिंबाजी धापा टाकत नाचत होता.

पाण्याच्या वासानं देवणी गाई दावी ताणून हंबरू लागल्या. ग्यानोबानं टाकीचा नळ सोडला. महादेवी खाली उतरून गुडघे टेकवत गाडीखाली वाकली. शाफ्टचा नवा जोड शाबूत होता. तिनं त्यावर हात ठेवला, चटका बसला तसा झटकला आणि हसत सुटली.

"ग्यानोबादादा, टाकी लवकर मोकळी करा," ती म्हणाली. "मला परत खाली जायचंय."