माझ्या पाठीवरची घोंगडी

मित्रांनो, एसी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खोलीतलं पांढरंशुभ्र यंत्र येतं. मी त्याचा जोडीदार, गच्चीवरच्या उन्हात बसलेला एक जुना लोखंडी डबा. खोलीतली उष्णता मी बाहेर आणतो आणि पंख्याने वाऱ्यावर सोडून देतो. मी थांबलो, की खोलीत नुसता कोमट वारा फिरतो.

माझी पहिली सात वर्षं पुण्यातल्या एका कचेरीत गेली. तिथे मान वर करून माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नाही. नवं यंत्र आलं आणि मी जिन्याखाली पडलो. तिथून २००४च्या मे महिन्यात कचेरीतल्या शिपायाने, हनुमंतने, मला जोडीदारासकट आपल्या गावी, मांडवगण फराट्याला आणलं. त्याचे वडील सावळाराम यांना शेतात ऊन लागलं होतं. दौंडच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "खोली गार ठेवा. अंग पुन्हा तापलं तर जिवावर बेतेल."

इथे माझं फार कौतुक झालं. हनुमंतच्या आईने, कस्तुराबाईने, मला हळदकुंकू लावलं. तिची उमर मेंढरांमागे गेलेली. उघड्यावर कोकरू दिसलं की त्याच्यावर घोंगडी टाकायची, ही तिची रीत. तिसऱ्या दुपारी तिने माझ्या तापलेल्या पत्र्याला हात लावला आणि ती कळवळली. "आमच्यापायी उन्हात भाजतंय गं लेकरू!" तिने ओली घोंगडी माझ्यावर पांघरली आणि कडा नीट खोचल्या.

माझा श्वास कोंडला. बाहेर टाकलेली उष्णता माझ्याच अंगावर परतू लागली. घोंगडीच्या दशा पंख्यात गुंतल्या, पंखा अडकला. शेवटी, जळून जाऊ नये म्हणून मी आपोआप बंद पडलो. खाली सावळारामांचं अंग तापू लागलं.

हनुमंत बटणं दाबून दमला. मग त्याने गावातल्या रुपालीला बोलावलं. पाबळच्या तंत्रशाळेत राहून ती पंखे-मोटारी दुरुस्त करायला शिकली होती. तिने आधी रिमोट पाहिला, मग विजेचा दाब मोजला. "आत समदं ठीक हाय. भाईरचा डबा कुठं हाय?"

गच्चीवर येताच ती थबकली. "आजी, मे महिन्यात ह्याला थंडी वाजती व्हय?"

"अगं, ऊन लागतंय त्याला!"

"उनाचं त्याला एवढं न्हाई. वारा कोंडला तर मरतंय ते."

कस्तुराबाईचा चेहरा उतरला. रुपालीने खालचा मेन स्विच बंद करवला, मगच मला हात लावला. पकडीने एकेक दशी ओढून काढली, बोटाने पंखा फिरवून पाहिला. कस्तुराबाईने पाण्याची बादली उचलली.

"पाणी नगं, आजी. अर्धा तास निवू द्या."

तो अर्धा तास कस्तुराबाई नवऱ्याच्या उशाशी बसून त्यांचं अंग ओल्या फडक्याने पुसत राहिली. "मीच घात केला वं," एवढंच म्हणत होती.

अर्ध्या तासाने स्विच चालू झाला. मी गुरगुरलो, थरथरलो आणि पंखा फिरला. खालून हनुमंत ओरडला, "आई, गार आलं!" दिवस कलताना सावळारामांचा ताप उतरला.

दुसऱ्या दिवशी रुपालीने चार बांबू कठड्याला बांधून तीच घोंगडी माझ्या डोक्यावर उंच ताणली. चारी बाजू मोकळ्या. पंधरा दिवसांनी सावळाराम जिना चढून आले, त्या सावलीत माझ्याशेजारी टेकले.

"माझी घोंगडी ह्याला दिली व्हय?"

"तुमी बी बसा की तिच्याखाली," कस्तुराबाई म्हणाली, "फकस्त त्याच्या तोंडापुढून सरका."

मित्रांनो, मला जपणारे हात मिळाले, हे माझं भाग्य. तुम्हीही जपा, पण पांघरूण घालण्याआधी, समोरच्याचा श्वास कुठून चालतो तेवढं बघा.