पाहुण्याचे अंधुक फोटो

कुत्र्याचा फोटो मुद्दाम वाईट काढणं वाटतं तेवढं सोपं नाही. कुत्रा हलला तर काम आपोआप होतं. पण आमचा पाहुणा हलायचाच नाही. मोबाइल समोर धरला की ओळखपत्रासाठी आल्यासारखा ताठ बसायचा आणि थेट माझ्याकडे बघायचा.

पाहुणा हे नाव माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ठेवलं. तो आमच्या जिन्यात येऊन बसला होता. गळ्यात पट्टा होता, पण पट्ट्यावर ना नाव ना नंबर. त्याआधी कित्येक महिने अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. सासूबाई गेल्या आणि या माणसाचं बोलणंच संपलं. ताट नेलं की "ठेव" म्हणायचे, आणायला गेलं की ते तसंच असायचं. मी गोड बोलून पाहिलं, चिडून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना वेळ द्या. वेळ काय वाटीत काढून देता येतो? आणि या कुत्र्यानं नुसतं गादीवर तोंड टेकलं, तर अण्णा उठून बसले. चार दिवसांत बूट घालून त्याला खाली घेऊन गेले. मी बाल्कनीतून बघत होते आणि रडत होते. त्यात लाज कसली?

माझा नवरा मात्र सरळ स्वभावाचा आहे. इतका सरळ, की कधीकधी त्याच्याच फुटपट्टीनं त्याला एक द्यावीशी वाटते. कोणीतरी याला शोधत असणार, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. शहराचा एक 'हरवलं-सापडलं' फोरम आहे, त्यावर माझं खातं होतं. फोटो टाक म्हणाला आणि छापखान्यात पाळीला निघून गेला.

त्या फोरमचा एक नियम आहे. सापडलेल्या जनावराचं सगळं दाखवायचं नाही, एक खूण लपवून ठेवायची. मालक म्हणून जो येईल त्यानं ती खूण ओळखायची. नियम मला फारच आवडला. एक लपवायची होती, मी सगळ्या लपवल्या. दुमडलेला कान, शेपटीचं पांढरं टोक, मागच्या डाव्या पायाचं नसलेलं बोट, काही म्हणजे काही दिसू दिलं नाही. भिंगावर तेलकट अंगठा फिरवला, अंधारात पाठीचा फोटो घेतला आणि खाली लिहिलं, 'तपकिरी कुत्रा सापडला आहे.' फोटो वर चढेपर्यंत ते गोल चक्र फिरत होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते. शेवटी तो चढला. झालं माझं कर्तव्य.

पहिलं उत्तर आलं, 'ताई, हा कुत्रा आहे की पायपुसणं?' मग फोरम सांभाळणाऱ्यानं, तिथं त्याला सगळे चौकीदार म्हणतात, स्पष्ट फोटो मागितला. मी लिहिलं, मोबाइल जुना आहे. धादांत खोटं. मोबाइल नवाकोरा होता. जुना मी अण्णांना देऊन टाकला होता, बातम्या वाचायला. नवऱ्यानं फोटो पाहिला आणि म्हणाला, दिवसभर चष्म्याच्या काचा घासतेस, लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून, आणि हे काय काढलंयस? मी म्हटलं, हा एक क्षण स्थिर बसत नाही. पाहुणा तेव्हा आमच्यामध्ये पुतळ्यासारखा बसला होता.

मग 'खिडकी' आली. खिडकी हे एका बाईचं फोरमवरचं नाव. माझा असू शकेल, तिनं लिहिलं, मागच्या पायाचा फोटो मिळेल का? मी पुढच्या पायाचा टाकला. तिनं आभार मानले आणि विचारलं, मागचा, डावा? मी मागचा उजवा टाकला, तोही कपाटाखालचा, काळामिट्ट. तिनं पुन्हा आभार मानले. ते आभार मला मिरचीसारखे झोंबले. ही बाई चिडत का नाही? दोन शिव्या घातल्या असत्या तर मलाही भांडता आलं असतं.

त्यानंतर माझा जीव एका जागी ठरेना. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात मोबाइल वाजला की हात थांबायचा. मोबाइल पालथा ठेवायचा, पुन्हा उलटायचा, पुन्हा पालथा. एका गिऱ्हाइकाची काच मी एवढी घासली की ती फ्रेममध्ये खुळखुळायला लागली. दुकानाचे मालक चष्म्यावरून बघत राहिले. घरी बेल वाजली की मी पाहुण्याला आतल्या खोलीत ढकलायचे, आणि दारात असायचा पेपरवाला. अण्णांना फिरून यायला उशीर झाला की मी बाल्कनीत लटकलेली. त्या बाईनं रस्त्यात ओळखलं तर? तिकडे अण्णा मजेत होते. भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत होते, नवऱ्याच्या वाढलेल्या केसांवरून त्याला टोमणे मारत होते. ती कुरकुर ऐकायला मी आणखी शंभर फोटो बिघडवले असते.

एका सकाळी बसमध्ये तिचं उत्तर वाचलं. 'हरकत नाही. कामावरून आले की मी दार थोडं उघडंच ठेवते. वाटलं तर आपला आपण येईल.' मी मोबाइल पर्समध्ये कोंबला. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, कोणी काही लिहिलं का? मी म्हटलं, कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात मोबाइल वाजला. फोरमवर नवा फोटो आला होता, माझ्याच खात्यावरून. मी तर तो टाकलाच नव्हता. खिडकीतून आलेल्या उजेडात पाहुणा बसला होता. दुमडलेला कान दिसत होता, पांढरं टोक दिसत होतं. मागचा डावा पाय कोणीतरी तळहातावर उचलून धरला होता आणि नसलेल्या बोटाची जागा अगदी लख्ख दिसत होती. तो सुरकुतलेला हात मी ओळखला. खाली आमचा पत्ता होता आणि 'आम्ही घरीच आहोत.' जुन्या मोबाइलवर माझं खातं उघडंच राहिलं होतं, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

मालकांना काहीतरी सांगून मी पळाले. बसमध्ये फोटो उघडला, 'काढून टाका'वर अंगठा नेला. दाबावं की नाही या विचारात दोन थांबे गेले. तेवढ्यात खाली एकच शब्द आला. 'निघाले.'

घरी अण्णा जमिनीवर बसून पाहुण्याचं अंग विंचरत होते.

"अण्णा, हे काय केलंत?"

"फोटो काढला. बरा आलाय ना?"

"तुम्ही कधीपासून वाचताय हे सगळं?"

"पहिल्यापासून. तुझा पहिला फोटो बघून हसू आलं मला. किती दिवसांनी आलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मलाही हा हवा होता, म्हणून." त्यांनी फणीतले केस काढून बाजूला ठेवले. "पण ती बाई दार उघडं ठेवते गं. मीही ठेवतो. तू रोज ओरडतेस ना, कडी का काढलीत म्हणून? माझं माणूस गेलं, ते येणार नाही, हे कळतं मला. तरी हात जातो कडीकडे. तिचं तर येण्यासारखं आहे."

इतके महिने मी त्यांना कडीवरून विसराळू म्हणत होते.

बेल वाजली. बाई कामाच्या कपड्यांतच होती, धापा टाकत होती. पाहुणा असा धावला की त्याचे पाय फरशीवर घसरले. ती उंबऱ्यातच बसली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून कितीतरी वेळ तशीच राहिली. मग वर बघून तिनं विचारलं, "आधीचे फोटो तसे का होते?"

"मी काढत होतो," अण्णा लगेच म्हणाले. "हात थरथरतो. नीट दिसतही नाही."

त्यांची नजर मी स्वतः तपासली आहे, चांगली आहे. मी मूग गिळून उभी राहिले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"मी काढत होते," मी म्हटलं. "मुद्दाम. कुत्रा यांच्याजवळ राहावा म्हणून."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. असू दे, असं काही ती म्हणाली नाही. "दार उघडायला मी रोज पळत घरी यायचे," एवढंच म्हणाली आणि त्याला घेऊन जिना उतरली. ती रागावली ते बरोबरच होतं.

अण्णा दारात उभे राहिले. आता हे परत भिंतीकडे तोंड करून पडणार, अशी मला भीती वाटली.

"कशाला सांगितलंस?" ते म्हणाले. "मी सांभाळून घेतलं होतं ना?"

"नाही राहवलं," म्हणून मी रडायला लागले, अगदी लहान मुलीसारखी. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग ते वळले, त्यांनी दार लोटलं आणि आतून कडी लावली. तो आवाज ऐकून मला आणखीच रडू आलं.