पॉलिश केलेला काळा तांदूळ

दादाने आयुष्यात धाकट्या बहिणीचं एकच म्हणणं ऐकलं, आणि तेही तिने कधी न म्हटलेलं.

धाकटी प्रयोगशाळेत काळ्या तांदळाच्या कोंड्यातलं जांभळं रंगद्रव्य वेगळं काढायची आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर ते घालून काय होतं ते बघायची. दादाचं नळ-पाइपांचं दुकान. चारचौघांत तो तिची ओळख 'आमची भातवाली' अशी करून द्यायचा. ती हसण्यावारी न्यायची, पण मनाला लागायचं. या माणसाने एकदा तरी आपल्याला शाब्बास म्हणावं, ही तिची हौस काही फिटली नव्हती.

मग एका वर्तमानपत्राने तिचा फोटो छापला. वर मथळा: 'काळा तांदूळ खा, कॅन्सरला पळवून लावा!' बातमीदाराशी ती तासभर 'कदाचित' आणि 'अजून सिद्ध व्हायचंय' असंच बोलत होती. छापताना नेमकी तेवढ्यालाच जागा पुरली नसावी.

त्याच आठवड्यात दादाच्या आतड्यात गाठ निघाली. सर्जन म्हणाले, वेळेवर आलात, काढून टाकू. दादाने बातमी फ्रेम करून दुकानात लावली आणि ऑपरेशन पुढे ढकललं. मग आणखी एकदा ढकललं. वहिनीचा रडत फोन आला तेव्हा धाकटीला हे कळलं. हातातलं काम टाकून ती निघाली.

दादा जेवायला बसला होता.

"या शास्त्रज्ञबाई!" तो म्हणाला. "शाब्बास गं! मला वाटायचं, पोरगी उगाच वेळ घालवतेय. घरात औषध असताना मी पोट फाडून घेऊ होय?"

इतकी वर्षं वाट पाहिलेला शब्द मिळाला तो असा. तिने ताटाकडे पाहिलं. भात पांढराशुभ्र होता.

"वहिनी, हा काळा तांदूळ?"

"काळाच की! ह्यांना सालासकट चावत नाही, म्हणून गिरणीतून चांगला पॉलिश करून आणला."

"आणि गुण बघ," दादा म्हणाला. "पोट कसं हलकं झालंय!"

रंग सगळा कोंड्यात असतो आणि कोंडा गिरणीतच राहिला, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते ऐकून दादा उद्याच बिनपॉलिशची गोणी आणणार आणि सर्जनकडे नव्याने मुदत मागणार! तिने शब्द गिळले.

"दादा, भाताने गाठ जात नाही. ऑपरेशन करून घे."

"मग त्या पेशी मेल्या त्या?"

"बशीत मेल्या. बशीतल्या पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात. साबण खाशील?"

"म्हणजे पेपरातलं खोटं?"

"खोटं."

"आणि तू इतकी वर्षं करतेयस ते?"

याला तिच्याकडे उत्तर होतं. तो रंग पेशींची वाढ कशी रोखतो, पोटातून रक्तात कितीसा पोचतो, त्यातून पुढे कधी औषध होईल का. खरं, सरळ, अभिमानाने सांगावं असं उत्तर. पण त्यात चार ठिकाणी 'कदाचित' होतं, आणि दादा एकेका 'कदाचित'वर महिना काढणारा गडी.

"त्याचा काही उपयोग नाही," ती म्हणाली. म्हणताना तिला रडू येईल असं वाटलं.

दादाचा चेहरा पडला. त्याने भात ताटाच्या कडेला सारला. मग चेहरा हळूहळू खुलला.

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "लाव सर्जनला फोन."

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचर आत नेताना त्याने नर्सला थांबवलं.

"सिस्टर, ही माझी बहीण. पदव्या भरपूर आहेत, पण कॅन्सरमधलं हिला ओ की ठो कळत नाही. हिचं कोणी ऐकू नका हं."

वहिनीने मान खाली घातली. नर्सने अवघडून धाकटीकडे पाहिलं.

"खरंय त्याचं," धाकटी म्हणाली. "तुम्ही आधी आत घ्या त्याला."