पांढऱ्या पायाची सून आणि बोलका रेडिएटर

शेजारच्या सायरागुलच्या घरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी गल्ली लोटली होती. का, तर म्हणे तिच्या सुनेच्या खोलीतला रेडिएटर बोलतो! किर्गिझस्तानातल्या आमच्या नारिनच्या हिवाळ्यात लोकांना दुसरी करमणूक तरी काय? मी पडले डॉक्टर, मला कोण बोलावतंय! तरी गेले. असला तमाशा मी सोडते होय?

तोलुबायबाबा रेडिएटरला टेकून बसला होता. याला मेलेल्यांचं बोलणं ऐकू येतं. जिवंत बायको हाक मारते तेव्हा मात्र दडे बसतात.

"हात लावून बघा," तो गरजला. "खाली गरम, वर बर्फ! खाली पितरांची माया, वर त्यांचा कोप! कधीपासून आहे हे?"

"सून आली तेव्हापासून," सायरागुल रडवेली झाली. "बाकीच्या खोल्या उबदार आहेत, बाबा. हीच मेली गार. दर गुरुवारी कणकेचे बोरसोक तळून पितरांना तेलाचा वास पोचवते. आणखी काय करू?"

बाबानं डोळे मिटले. "पितरांनो, ही सून पांढऱ्या पायाची आहे का?"

"गुडगुड," रेडिएटर म्हणाला.

"हिला माहेरी धाडू?"

"गुडगुडगुड!"

झालं, निकाल लागला! सून बेगायम दारातच थिजली. असला ठपका घेऊन माहेरी गेलेल्या पोरीला तिथं तरी कोण सुखानं घास गिळू देणार? नवरा एसेन खाली मान घालून उभा. माझं डोकंच फिरलं.

नव्या सुनेनं वडीलधाऱ्यांपुढे आवाज काढायचा नाही, ही आमची रीत. म्हणून बेगायम माझ्या कानाशी कुजबुजली, "एजे, ताई, बाबांची बाही बघा ना."

बघितलं. झग्याची लांब बाही रेडिएटरच्या खालच्या चावीवर पसरलेली. प्रश्न संपला की बाहीच्या आत मनगट वळायचं.

"बाबा, जरा इकडे येऊन विचारा की," मी म्हणाले. "पितर काय बहिरे आहेत?"

"त्यांना जवळीक लागते!"

"मग मी बसते जवळ. उठा."

उठला बिचारा. दोनदा ओरडून विचारलं, रेडिएटर ढिम्म. मग मी चावी फिरवली. "पितरांनो, हा बाबा लबाड आहे का?"

"गुडगुड!"

गल्ली खो खो हसली.

"सायरागुल, हा रेडिएटर बसवला कधी?"

"लग्नाआधीच. म्हटलं, नव्या सुनेला ऊब मिळावी."

"म्हणजे पाइपातलं पाणी काढून पुन्हा भरलं. त्यासोबत हवा शिरली आणि वर जाऊन बसली. मग गरम पाणी वर चढणार कसं? चावी हलवली की ते त्या हवेतून खळखळतं. हेच तुमचे पितर!"

वरच्या कोपऱ्यातला बारीक स्क्रू मी सैल केला. फुस्स! कुबट हवा गेली आणि पाण्याची चिळकांडी थेट बाबाच्या दाढीवर. स्क्रू घट्ट केला, एसेननं बॉयलरमध्ये कमी झालेलं पाणी भरलं, आणि चहा होईतो रेडिएटर वरपर्यंत तापला.

सायरागुलनं त्यावर हात ठेवला नि ती हमसून रडली. "पोरी, तुझ्यासाठी बसवला आणि तुझ्याच नावानं खडे फोडले गं!" मग बाबाकडे वळली, "आणि तू रे? तूच जा आता माहेरी!"

लोकहो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, म्हणून कावळ्याला फासावर देऊ नका. घर गार पडलं तर आधी पाइप तपासा, माणसाचा पायगुण नव्हे. बाबाचं ऐकलं असतं तर पोर घराबाहेर गेली असती, आणि खोली तरीही गारच राहिली असती.